समजून घ्या : ६१७४ या संख्येचे गूढ आणि देवळालीचे कापरेकर मास्तर

आलापल्लीहून सिरोंच्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाचा क्रमांक ३५३-सी. यातील ३५३ घ्या. अंक उतरत्या क्रमाने मांडले की ५३३, चढत्या क्रमाने ३३५. वजाबाकी १९८. आलेल्या उत्तरावर हीच कृती करत राहा : ७९२, ६९३, ५९४, ४९५. पुढे कितीही वेळा केले तरी ४९५च. चार अंकी संख्यांमध्ये असा मुक्काम ६१७४ वर होतो. तो शोधला दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी.

कोण होते कापरेकर?

जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणू. शालेय शिक्षण ठाण्यात, पुढे पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय. विद्यार्थिदशेतच, १९२७ मध्ये, गणितातील स्वतंत्र कामासाठी त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते पदवीधर झाले. त्यापुढची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. १९३० ते १९६२ अशी ३२ वर्षे ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते.

६१७४ चे वैशिष्ट्य काय?

त्यांचे जन्मवर्षच घेऊ : १९०५. ९५१० मधून ०१५९ वजा केले की ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४. चारही अंक सारखे नसतील, तर कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच पोहोचते. वजाबाकीत शून्य पुढे आले तर तेही अंक म्हणून धरायचे.

असे का होते?

पहिल्या वजाबाकीचे उत्तर फक्त दोन गोष्टींवर ठरते : सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील फरक आणि मधल्या दोन अंकांतील फरक. त्यामुळे हजारो संख्या पहिल्याच पायरीला केवळ ५४ उत्तरांत गोळा होतात. त्या ५४ वाटाही शेवटी ६१७४ लाच मिळतात.

आणखी काय शोधले?

४५ चा वर्ग २०२५. त्याचे २० आणि २५ असे भाग करून बेरीज केली की पुन्हा ४५. अशा संख्यांना आज कापरेकर संख्या म्हणतात. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी हर्षद म्हटले. ६१७४ ही हर्षदच : अंकांची बेरीज १८, भागाकार ३४३, म्हणजे सातचा घन.

दखल कधी घेतली गेली?

१९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ मांडली. पण संशोधनाची पदवी नसलेल्या शाळामास्तरांचे काम देशातील अनेक गणितींना पोरखेळ वाटले. कापरेकर थांबले नाहीत. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना, म्हणून शिकवण्या घेतल्या; आकडेमोड मात्र चालूच होती. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील सदरात त्यांच्यावर लिहिले आणि जगाचे लक्ष देवळालीकडे वळले. तेव्हा कापरेकर सत्तरीत होते. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज ६१७४ ला जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात. तो पडताळायला प्रयोगशाळा लागत नाही की इंटरनेट. वजाबाकी येणारे कोणत्याही गावातले मूल पाटीवर तो स्वतः शोधून काढू शकते.