सोल्डरिंग करताना लागणारा 'तिसरा हात' आणि भोकं पाडलेल्या पट्ट्यांवर साम्राज्य उभारणारा कारकून!

मंडळी, कधी घरी बसून रेडिओची किंवा चार्जरची तुटलेली वायर सोल्डर केली आहे का? एका हातात तापलेलं सोल्डरिंग आयर्न, दुसऱ्या हातात सोल्डरची तार. मग जोडायची वायर धरायची कोणी? देवाने आणखी एक हात दिला असता तर बरं झालं असतं, असं तेव्हा हमखास वाटतं.

मॉडेल रेल्वेचा छंद असणाऱ्यांचं हे रोजचं दुखणं आहे. पितळी पत्र्याचे नखाएवढे तुकडे जोडून ते इंजिन बनवतात. सोल्डर घट्ट होत असताना तुकडा केसभर जरी हलला, तरी जोड कच्चा राहतो. शिवाय धातूतून उष्णता पसरते. त्यामुळे बोट भाजतं, आणि नवा जोड करताना शेजारचा जुना जोड वितळून सुटतो.

मॉडेल रेल्वे म्हटलं की जे नाव आधी आठवतं ते 'हॉर्नबी'. या नावामागचा माणूस होता फ्रँक हॉर्नबी. त्यांनी सोल्डरिंगचं कुठलंही अवजार शोधलं नाही. पण छोटे भाग जागच्या जागी पक्के धरायचे कसे, या प्रश्नाला त्यांनी इतकं साधं उत्तर दिलं की त्यावर एक अख्खा उद्योग उभा राहिला.

हिशेब लिहिणारा माणूस

फ्रँक हॉर्नबी यांचा जन्म १५ मे १८६३ रोजी इंग्लंडमधल्या लिव्हरपूलमध्ये झाला. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि ते वडिलांच्या व्यापारात रोखपाल म्हणून लागले. इंजिनिअरिंगचं शिक्षण काही झालं नाही. १८९९ मध्ये वडील गेले, तो धंदा बंद झाला आणि हॉर्नबी डेव्हिड एलियट नावाच्या मांस आयात करणाऱ्या व्यापाऱ्याकडे हिशेबनीस झाले. वय होतं ३६. घरात बायको आणि लहान मुलं.

पण हाताला चाळा होता. मुलांसाठी ते घरीच पत्रा कापून पूल, गाड्या आणि क्रेन बनवत. यात एक अडचण होती. क्रेनचा तुकडा फक्त क्रेनलाच बसायचा. नवं खेळणं हवं असेल तर पुन्हा पत्रा कापा, पुन्हा जुळवा.

सगळी जादू छिद्रात

मग त्यांना एक गोष्ट सुचली. प्रत्येक पट्टी एकाच मापाची ठेवली आणि तिला ठरावीक अंतरावर छिद्रं पाडली तर? त्यांनी तांब्याच्या पत्र्यातून अर्धा इंच रुंदीच्या पट्ट्या हाताने कापल्या. छिद्रांमधलं अंतरही अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. सुरुवातीला नट-बोल्टसुद्धा त्यांनी स्वतःच बनवले.

आता यात विशेष काय? तर एकच छिद्र तीन कामं करत होतं. पहिलं, दोन पट्ट्यांची छिद्रं एकमेकांवर आली की मोजमाप न करता भाग बरोबर जागी बसायचा. दुसरं, त्यातून बोल्ट घालून आवळला की तो तिथेच घट्ट राहायचा. तिसरं, त्याच छिद्रातून दांडा आरपार घातला की तो त्यात फिरायचा, म्हणजे चाकांसाठी वेगळी सोय नको. ना आग, ना डाख, ना तिसरा हात. आणि कंटाळा आला की सगळं उघडून त्याच पट्ट्यांतून नवं काही बनवता यायचं.

पाच पौंडांची उसनवारी

कल्पना भारी होती, पण पेटंटचा खर्च खिशाला परवडणारा नव्हता. हॉर्नबी यांनी आपल्या मालकाकडूनच, म्हणजे एलियट यांच्याकडून, ५ पौंड उसने घेतले आणि जानेवारी १९०१ मध्ये पेटंटचा अर्ज केला. पुढे एलियट या धंद्यात त्यांचे भागीदारही झाले.

१९०२ मध्ये 'मेकॅनिक्स मेड ईझी' या नावाने पहिले सेट बाजारात आले. पण लगेच पैसा आला असं मात्र नाही. लिव्हरपूलमधले इंजिनिअरिंगचे प्राध्यापक हेले-शॉ यांनी या खेळण्याची शिफारस केली, त्याचा आधार मिळाला. तरी पहिला, तोही किरकोळ, नफा दिसायला १९०६ साल उजाडलं. १९०७ मध्ये 'मेकॅनो' हे नाव नोंदवलं गेलं आणि १९०८ मध्ये मेकॅनो लिमिटेड ही कंपनी सुरू झाली. १९१४ मध्ये लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मोठा कारखाना उभा राहिला.

आणि मग आली रेल्वे

पहिल्या महायुद्धाआधी खेळण्यातल्या रेल्वेगाड्या म्हणजे जर्मनीची मक्तेदारी. युद्धामुळे तो माल ब्रिटनमध्ये यायचा थांबला. हॉर्नबी यांनी संधी ओळखली आणि १९२० मध्ये चावीवर चालणारी पहिली हॉर्नबी रेल्वे आणली. गंमत म्हणजे ती सुद्धा मेकॅनोच्याच तत्त्वावर नट-बोल्टने जोडलेली होती. मुलं इंजिन उघडून परत जोडू शकत होती. १९२५ मध्ये विजेवर चालणारी गाडी आली आणि १९३४ मध्ये छोट्या मोटारींची प्रसिद्ध 'डिंकी टॉईज' हे नाव घेऊन बाजारात आली.

१९३१ मध्ये हॉर्नबी लिव्हरपूलच्या एव्हर्टन मतदारसंघातून खासदार झाले. २१ सप्टेंबर १९३६ रोजी त्यांचं निधन झालं. ५ पौंड उसने घेणारा हिशेबनीस तोवर लक्षाधीश झाला होता. त्यांच्या मागे १९३८ मध्ये आलेल्या 'हॉर्नबी डब्लो' गाड्यांमध्ये इंजिनाचं वरचं आवरण साच्यात धातू ओतून तयार होऊ लागलं. तुकडे धरायचा प्रश्नच मिटला!

खेळण्यापलीकडचा मेकॅनो

१९३४ मध्ये मँचेस्टरमध्ये डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर या संशोधकांनी मेकॅनोचे भाग वापरून गणितातली अवघड समीकरणं सोडवणारं यंत्र बनवलं. भाग हलत नाहीत आणि हवे तसे बदलता येतात, हा गुण त्यांनाही उपयोगी पडला.

मग सोल्डरिंगवाल्यांना यातून काय मिळालं?

आजही पितळी इंजिनाचं किट जोडणारे लोक छिद्राचीच मदत घेतात. चाकांना जोडणारा दांडा पत्र्याच्या दोन पातळ थरांचा असतो. ते लाकडाच्या ठोकळ्यात ड्रिलचं पातं उभं रोवतात, त्याला तेलाचा हात लावतात आणि दोन्ही थर त्यावर ओवतात. छिद्रं जुळली की थर आपोआप जुळतात. मग दोन्ही हात सोल्डरिंगला मोकळे! तेलामुळे सोल्डर पात्याला चिकटत नाही. काही जण इंजिनाची चौकट आधी स्क्रूने आवळतात आणि मगच सोल्डर करतात.

जिथे छिद्र नाही तिथे कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा कामाला येतो. लाकूड उष्णता ओढून घेत नाही, त्यामुळे जोड लवकर तापतो. शेजारचा जुना जोड सुटू नये म्हणून त्यावर ओला टिश्यू पेपर ठेवायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आयर्न उचलल्यावर सोल्डर घट्ट होईपर्यंत तुकड्याला अजिबात हात लावायचा नाही.

बिन्स रोडचा कारखाना १९७९ मध्ये बंद पडला, पण हॉर्नबी हे नाव रेल्वेगाड्यांवर आजही आहे. आपल्याकडेही कित्येकांनी भोकाभोकांच्या पट्ट्या, इवलेसे नट-बोल्ट आणि हरवणारा पाना घेऊन सुट्टीतल्या दुपारी घालवल्या आहेत. त्या प्रत्येक छिद्रात एका हिशेबनीसाचं डोकं होतं.

तर मंडळी, तुम्ही लहानपणी मेकॅनोतून सगळ्यात आधी काय बनवलं होतं? नक्की सांगा, आणि हा लेख तुमच्या त्या 'सगळं उघडून बघणाऱ्या' मित्रालाही पाठवा!