'रेवती'चे जनक : फकीरमोहन सेनापती

ओडिया लघुकथेचे जनक म्हणून गौरविले जाणारे फकीरमोहन सेनापती यांचा जन्म १३ जानेवारी १८४३ रोजी बालेश्वरजवळील मल्लिकाशपूर येथे झाला. आईवडिलांचे छत्र बालपणीच हरपले. आजीने त्यांना वाढविले. मूळ नाव ब्रजमोहन. परंतु आजारी नातू वाचावा म्हणून आजीने पीराला नवस केला आणि ब्रजमोहनाचा फकीरमोहन झाला. दारिद्र्यामुळे शिक्षण अर्धवट राहिले. कोवळ्या वयात त्यांनी बालेश्वर बंदरात जहाजांच्या शिडांचे काम केले. पुढे स्वाध्यायाच्या बळावर ते शिक्षक झाले आणि मिशन शाळेच्या मुख्याध्यापकपदापर्यंत पोहोचले.

१८७० च्या सुमारास काही बंगाली विद्वानांनी ओडिया ही स्वतंत्र भाषाच नव्हे, असे प्रतिपादन केले. ओडिशातील शाळांतून ओडिया हद्दपार होण्याची वेळ आली. तेव्हा फकीरमोहनांनी पाठ्यपुस्तके लिहिली, बालेश्वरात छापखाना चालविला आणि मातृभाषेच्या बाजूने लढा दिला. शाळेतून भाषा गेली की त्या भाषेत बोलणाऱ्या गरिबाच्या मुलासाठी शाळेचे दारच बंद होते, हे त्यांनी जाणले होते.

त्यांची खरी साहित्यसंपदा उतारवयातील आहे. 'छ माण आठ गुंठ' ही कादंबरी १८९७ पासून 'उत्कल साहित्य' मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. भगिया आणि सारिया या निपुत्रिक विणकर दांपत्याला संततीसाठी देवीचे देऊळ बांधण्याच्या नादी लावून जमीनदार मंगराज त्यांची जमीन गिळंकृत करतो. श्रद्धेच्या आडून होणारी ही लूट वाचताना महात्मा फुले यांच्या 'शेतकऱ्याचा असूड'चे (१८८३) स्मरण आम्हांस झाल्यावाचून राहत नाही.

१८९८ मधील 'रेवती' ही आधुनिक ओडिया लघुकथेची पहाट मानली जाते. खेड्यातील रेवतीला लिहावाचायला शिकण्याची ओढ असते. वडील संमती देतात, तरुण शिक्षक वासुदेव तिला शिकवू लागतो. आजीला मात्र हे मान्य नसते. गावात पटकी येते. वडील जातात, आई जाते, वासुदेवही जातो. आजी सर्व अनर्थाचे खापर रेवतीच्या शिक्षणावर फोडते. अखेरीस रेवती मरते आणि आजीही मरते. माणसे मारली रोगाने. दोषी ठरली पाटी! लेखक येथे उपदेश करीत नाही. न्यायनिवाडा वाचकांवर सोपवितो. सावित्रीमाईंनी पुण्यात मुलींना शिकविण्यास आरंभ केला, त्यास तेव्हा पन्नास वर्षे झाली होती.

फकीरमोहनांचे मूल्यमापन करताना डोळस राहिले पाहिजे. अनेक संस्थानांत ते दिवाण वा व्यवस्थापक होते. १८९१ मध्ये केओंझर संस्थानात भुइयां आदिवासींनी उठाव केला, तेव्हा ते राजसत्तेच्या बाजूस उभे होते. बुद्धचरित्रावर त्यांनी काव्य रचले. परंतु त्याच्या 'बौद्धावतार' या शीर्षकातील अवतारकल्पना बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांनी आम्ही नाकारलेली आहे. ज्या लेखणीने विणकराचे दुःख जाणले, त्याच हाताने संस्थानचा कारभारही केला. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून या दोन्ही गोष्टी आम्ही नोंदवितो. मात्र त्यामुळे 'रेवती'चे मोल उणे होत नाही.

१४ जून १९१८ रोजी त्यांचे निधन झाले. १ एप्रिल १९३६ रोजी ओडिशा हा स्वतंत्र प्रांत अस्तित्वात आला; त्यामागील भाषिक अस्मितेच्या घडणीत त्यांचा वाटा मोठा आहे.

आजही घरात संकट आले की प्रथम मुलीची शाळा सुटते. रोग, कर्ज, स्थलांतर अशी कारणे बदलतात. शिक्षा तिलाच होते. आमच्या वसतिगृहात रात्री दिव्याखाली अभ्यासाला बसणारी प्रत्येक मुलगी ही जगलेली रेवती आहे. पालकहो, सुट्टी संपली की तिला परत पाठवा. माजी विद्यार्थ्यांनो, ती आली नाही तर तिच्या घरी जा.