कर्नल थिओडोर रूझवेल्ट

थिओडोर रूझवेल्ट यांचा जन्म १८५८ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरी झाला. बालपणी ते दम्याने पीडित असत. तथापि व्यायामाने व मोकळ्या हवेने त्यांनी शरीर कमाविले. १८८४ साली त्यांची माता व पत्नी एकाच दिवशी निवर्तल्या. तेव्हा डाकोटाच्या माळरानात गुरे राखून त्यांनी आपले मन सावरले. १८९८ साली क्युबाच्या युद्धात ते स्वयंसैनिकांच्या पलटणीचे कर्नल होते. १९०१ ते १९०९ पर्यंत राष्ट्राध्यक्ष असता त्यांनी सुमारे २३ कोटी एकर भूमी राखून ठेविली.

इतके व्याप असूनही ते आपल्या सहा मुलांस होडीतून रानात नेत, शेकोटीपाशी गोष्टी सांगत व भयास जिंकावयास शिकवीत.

१९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरली, तेव्हा त्यांनी स्वतः रणांगणी जाण्याची अनुज्ञा मागितली. ती मिळाली नाही. चारही पुत्र मात्र गेले. सर्वांत धाकटा क्वेंटिन, वय अवघे २० वर्षे, १४ जुलै १९१८ रोजी फ्रान्समध्ये विमानयुद्धात पडला. धैर्य शिकविणाऱ्या पित्यास त्या शिकवणीचे मोल असे द्यावे लागले. पुढे सहा महिन्यांच्या आतच, ६ जानेवारी १९१९ रोजी, निद्रेत त्यांचा अंत झाला.

वाचकहो, मुलांस जो मार्ग दाखवावा, त्या मार्गाने जाण्यास आपण प्रथम सिद्ध असावे.