शेतकीच्या शिक्षणानं परमुलखात पोट भरलं : वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे

वर्धा : शेतकीची डिग्री घेऊन काय होणार, असं आजही पोरांना घरोघरी ऐकावं लागतं. आपल्या वर्ध्यात जन्मलेले क्रांतिकारक डॉ. पांडुरंग खानखोजे यांचं आयुष्य बघितलं की याचं उत्तर मिळतं.

इंग्रजांविरुद्ध लढायचं म्हणून ते ऐन तरुणपणी देश सोडून गेले. जपानमार्गे अमेरिका गाठली. तिथं ऑरेगनच्या कृषी महाविद्यालयात शेतीचं शिक्षण घेतलं, गदर चळवळीच्या उभारणीतही हात लावला. पहिल्या महायुद्धात इराणमध्ये इंग्रजी फौजांशी लढले. पण लढाई फसली आणि घरी परतायची वाट बंद झाली.

१९२४ च्या सुमारास ते मेक्सिकोत पोचले. देश नवा, भाषा नवी. कामी आली ती शेतकीच. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले. मका आणि गव्हाच्या वाणांवर संशोधन केलं. नोकरी लागली म्हणून वर्गातच बसून राहिले नाहीत. गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. तिथले मोठे चित्रकार दिएगो रिवेरा यांनी त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिलं.

स्वातंत्र्यानंतर ते मायदेशी परतले. २२ जानेवारी १९६७ रोजी नागपुरात त्यांचं निधन झालं.

शेतकी शिकलेल्याला एकाच सरकारी जागेची वाट बघत बसायची गरज नाही. बियाणं, माती, पीक जिथं आहे तिथं त्याचं काम आहे. यंदा कृषी पदवीला प्रवेश घेणाऱ्या पोरापोरींनी आणि त्यांच्या आईवडिलांनी एवढं ध्यानात ठेवावं.