ज्योतिर्विद राजा सवाई जयसिंह

जयपूर शहराच्या मध्यभागी, राजवाड्याला लागून असलेल्या मोकळ्या जागेत दगडचुन्याची सुमारे २० अवाढव्य यंत्रे उभी आहेत. त्यांतील सर्वांत मोठे सम्राटयंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. देशोदेशीचे प्रवासी त्याच्या पायऱ्यांकडे पाहून थक्क होतात. ही यंत्रे राजवैभवाच्या प्रदर्शनासाठी बांधलेली नव्हती. सूर्य, चंद्र आणि ग्रह यांची जी स्थाने पोथ्यांत लिहिलेली आहेत, ती आकाशात खरोखर तशीच दिसतात की नाही, हे पडताळण्यासाठी एका राजाने ती उभारली. शाळेच्या हीरक महोत्सवाच्या निमित्ताने विज्ञानशिक्षणाचा विचार करताना या राजाचे चरित्र, त्यातील उजेड आणि अंधार यांसह, आपल्यासमोर असणे उपयुक्त ठरेल.

सवाई जयसिंहाचा जन्म ३ नोव्हेंबर १६८८ रोजी आंबेरच्या कछवाहा राजघराण्यात झाला. पुरंदरच्या तहामुळे महाराष्ट्राला परिचित असलेला मिर्झाराजा जयसिंह हा त्याचा खापरपणजोबा. वडील बिशनसिंह यांच्या निधनानंतर वयाच्या अकराव्या वर्षी तो गादीवर आला. बालराजाची चतुराई पाहून औरंगजेबाने त्याला पहिल्या जयसिंहाहून सव्वापट ठरवले आणि त्यावरून ‘सवाई’ हे बिरुद त्याला मिळाले, अशी आख्यायिका आहे. तरुणपणीच त्याला दक्षिणेच्या मोहिमेवर जावे लागले. १७०२ मध्ये मोगलांनी मराठ्यांचा विशाळगड घेतला, त्या वेढ्यात हा कोवळा राजा आपल्या रजपूत तुकडीसह लढला होता. पुढे चार दशके तो मोगल दरबाराच्या राजकारणात वावरला आणि माळव्याचा सुभेदार झाला. बादशहा मुहम्मदशहाकडून १७२० मध्ये जिझिया कर रद्द करवून घेण्यात त्याचा मोठा वाटा होता.

राजकारणाच्या या धामधुमीतही त्याचे मन गणितात आणि ज्योतिषशास्त्रात रमत असे. त्या काळी पंचांगे निरनिराळ्या ग्रंथांवरून तयार होत. ग्रहणाची वेळ चुके, ग्रह सांगितलेल्या जागी सापडत नसे. व्रते, सण आणि शेतीची कामे यांच्या वेळा ज्यांवर अवलंबून, ती कोष्टकेच जुनी झाली होती. समरकंदच्या उलुगबेगाने पंधराव्या शतकात केलेली कोष्टकेही आता आकाशाशी जुळत नव्हती. जयसिंहाने बादशहाच्या अनुमतीने नव्याने वेध घेण्याचे काम अंगावर घेतले.

या कामी त्याने जमवलेली माणसे पाहिली की त्याच्या दृष्टीचा आवाका ध्यानात येतो. त्याच्या ज्योतिषांचा अग्रणी जगन्नाथ सम्राट. परंपरा त्याला महाराष्ट्रीय मानते. वेदशास्त्रात पारंगत असलेल्या या पंडिताने अरबी आणि फारसी या भाषा आत्मसात केल्या. युक्लिडच्या भूमितीची नसिरुद्दीन तुसीने सिद्ध केलेली अरबी आवृत्ती त्याने ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणली. टॉलेमीच्या ज्योतिषग्रंथाचेही त्याने संस्कृत रूपांतर केले. ग्रीक विचार बगदाद आणि मराघा येथील मुसलमान विद्वानांच्या हातून संस्कार घेऊन राजस्थानात आला आणि संस्कृत विद्यार्थ्याच्या पोथीत उतरला. हेच ‘रेखागणित’ पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत छापून प्रसिद्ध झाले.

नयनसुख उपाध्याय या दुसऱ्या पंडिताची कार्यपद्धती तर आजच्या शिक्षकाने मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. मुहम्मद आबिद हा विद्वान अरबी ग्रंथाचा आशय बोलीभाषेत उलगडून सांगे आणि नयनसुख तो संस्कृतात लिहून घेई. दोन प्रतिष्ठित शास्त्रभाषांच्या मधला पूल साध्या बोलीने बांधला. मातृभाषेतून विज्ञान समजावून देणाऱ्या शाळांना आपली परंपरा शोधायची असेल, तर ती या दोघांच्या बैठकीतही सापडेल. यांखेरीज गुजरातेतून आलेला केवलराम ज्योतिषी होता, फारसी गणिती खैरुल्लाखान होता, नव्या नगराची आखणी करणारा मूळचा बंगाली विद्याधर भट्टाचार्य होता. १८ नोव्हेंबर १७२७ रोजी जयपूरची पायाभरणी झाली. सरळ रुंद रस्ते आणि चौकोनी विभाग यांनी आखलेल्या या नगरात विद्वानांच्या वस्तीसाठी ब्रह्मपुरी वसली. राजाचा गुरू रत्नाकर पौंडरीक हा महाराष्ट्रीय पंडितही याच मंडळींपैकी एक.

आरंभी जयसिंहाने पितळेची यंत्रे करवली. ती आकाराने लहान असत. त्यांवर अंशांचे बारीक भाग पाडता येत नसत. शिवाय वापराने आस झिजे, केंद्र सरके आणि वेध चुके. म्हणून त्याने दगडचुन्याची मोठी आणि अचल यंत्रे बांधण्याचे ठरवले. दिल्लीची वेधशाळा १७२४ मध्ये उभी राहिली. त्यानंतर जयपूर, उज्जैन, मथुरा आणि काशी येथेही वेधशाळा झाल्या. एका ठिकाणचे निरीक्षण दुसऱ्या ठिकाणी तपासून पाहता यावे, हा अनेक वेधशाळा बांधण्यामागील हेतू होता.

सम्राटयंत्राची रचना शालेय भूमितीने समजते. मध्यभागी काटकोन त्रिकोणाच्या आकाराची भिंत आहे. तिचा कर्ण जमिनीशी सुमारे २७ अंशांचा कोन करतो. जयपूरचा अक्षांशही तेवढाच असल्याने तो कर्ण थेट ध्रुवाकडे रोखलेला, म्हणजे पृथ्वीच्या आसाला समांतर राहतो. भिंतीच्या दोन्ही बाजूंना संगमरवरी अंशपट्ट्या बसवलेल्या वर्तुळपाद कमानी आहेत. भिंतीची सावली त्यांवरून सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर, म्हणजे मिनिटाला सुमारे चार बोटे सरकते. पृथ्वी फिरते हे वाक्य पाठ करणे निराळे आणि ते फिरणे असे डोळ्यांदेखत बोटाने मोजणे निराळे.

युरोपात या विद्येची मोठी प्रगती झाली आहे, हे पाद्री मंडळींकडून कानावर येताच जयसिंहाने मानुएल द फिगेरेदो या जेझुइट पाद्र्यासमवेत आपली माणसे पोर्तुगालला धाडली. १७३० च्या सुमारास ती परतली, तेव्हा त्यांच्यासोबत फ्रेंच ज्योतिषी ला हीर याची कोष्टके आली. जयसिंहाने ती वेधांशी ताडून पाहिली. चंद्राच्या स्थानात सुमारे अर्ध्या अंशाची चूक निघाली. अर्धा अंश म्हणजे आकाशात दिसणाऱ्या पूर्ण चंद्रबिंबाच्या रुंदीएवढे अंतर. या एका गोष्टीत त्याची शास्त्रबुद्धी दिसते. परदेशी म्हणून त्याने ती कोष्टके दूर लोटली नाहीत आणि परदेशी म्हणून डोक्यावरही घेतली नाहीत. संस्कृत सिद्धांतग्रंथ, समरकंदचे कोष्टक आणि पॅरिसचे कोष्टक या तिन्हींना त्याने एकच कसोटी लावली. ही कसोटी प्रत्यक्ष आकाशाची होती. याच परिश्रमांतून ‘झिज-ए-मुहम्मदशाही’ हा फारसी ग्रंथ सिद्ध झाला. हिंदू राजाने मुसलमान बादशहाच्या नावे केलेल्या या ग्रंथामागे ग्रीक, अरब, भारतीय आणि युरोपीय अशा चार परंपरांचे ज्ञान आहे.

मराठ्यांशी त्याचे संबंध कधी संघर्षाचे, कधी सलोख्याचे राहिले. १७३५ मध्ये बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई उत्तरेच्या तीर्थयात्रेस निघाल्या, तेव्हा जयसिंहाने जयपुरात त्यांचे सन्मानाने आदरातिथ्य केले. पुढल्याच वर्षी खुद्द बाजीराव आणि जयसिंह यांची किशनगडजवळ भेट झाली.

राजमातेला असा मान देणाऱ्या या राजाच्या ज्ञानमंडळात मात्र स्त्रियांना स्थान नव्हते. त्याच्या वेधशाळेचे दार धर्माने, भाषेने किंवा प्रांताने अडवले नव्हते. तरीही तेथे काम केलेल्या विद्वानांची जी नावे इतिहासाने जपली, त्यांत एकाही स्त्रीचे नाव नाही. भास्कराचार्यांचा ‘लीलावती’ हा ग्रंथ ११५० पासून देशभर शिकवला जात होता. त्यातील उदाहरणे एका मुलीला उद्देशून घातलेली आहेत आणि परंपरा तिला आचार्यांची कन्या मानते. गणिताच्या पोथीत मुलीला संबोधन होते, पण पाठशाळेत तिला आसन नव्हते. २१ सप्टेंबर १७४३ रोजी जयसिंह निवर्तला. त्याच्या चितेवर तीन राण्या आणि काही उपस्त्रिया सती गेल्या, अशी नोंद कर्नल टॉडने राजस्थानच्या इतिहासात केली आहे आणि त्या चितेवरच तेथील विज्ञानाचाही अंत झाला, असा अभिप्राय दिला आहे. पृथ्वीच्या आसाचा कोन दगडात बिनचूक बांधणाऱ्या राजाच्या घरातील स्त्रियांच्या वाट्याला त्या विद्येचा एक धडाही न येता ही चिता आली. जयपूर संस्थानात सती जाणे कायद्याने गुन्हा ठरायला १८४६ साल उजाडावे लागले.

टॉडच्या अभिप्रायात तथ्य आहे. जयसिंहामागे त्याच्या मुलांत गादीसाठी कलह माजला. त्या कलहात मराठी फौजाही उतरल्या. १७५० मध्ये त्याचा पुत्र ईश्वरीसिंह याने विष घेऊन जीवन संपवले. विद्वान पांगले, यंत्रांची पडझड झाली. पण दोष केवळ राजकारणाचा नव्हता. ही विद्या दरबाराच्या आश्रयाने वाढली आणि मूठभर पंडितांपुरती राहिली. नव्या पिढीला पद्धतशीर शिकवणारी आणि गावोगावची मुले-मुली आत घेणारी शाळा तिच्या पाठीशी नव्हती. आश्रयदाता गेला आणि वारसदार उरले नाहीत. दुर्बीण जयपूरला येऊनही तिच्यावर नवे शास्त्र उभे राहिले नाही.

दगड मात्र टिकले. १९०१-०२ मध्ये लेफ्टनंट गॅरेट यांनी जयपूरच्या वेधशाळेचा जीर्णोद्धार केला. हिंदीतील विख्यात कथाकार चंद्रधर शर्मा गुलेरी त्या कामात त्यांचे सहायक होते. उज्जैनच्या वेधशाळेला १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी नवजीवन दिले. २०१० मध्ये जयपूरच्या वेधशाळेचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. दरम्यान राजस्थानात मुलींसाठी दारे उघडत होती. १९३५ मध्ये जयपूरपासून काही अंतरावर वनस्थळी येथे हिरालाल शास्त्री आणि रतन शास्त्री या दांपत्याने दिवंगत कन्येच्या स्मरणार्थ मुलींच्या शिक्षणाचे कार्य आरंभले. १९४३ मध्ये, म्हणजे जयसिंहाच्या मृत्यूला बरोबर दोनशे वर्षे होत असताना, महाराणी गायत्रीदेवींनी जयपुरात मुलींची शाळा काढली. दार उघडले तरी उंबरठा सोपा नव्हता. १९३३ मध्ये कमला भागवत, म्हणजे पुढे कमला सोहोनी म्हणून कीर्ती पावलेल्या मराठी कन्येला, बंगळूरच्या विज्ञान संस्थेत केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारण्यात आला. त्यांनी चिकाटीने तो मिळवला आणि १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट संपादन केली.

जयसिंहाने अर्धे काम केले. ज्ञान कोणत्या भाषेतून, धर्मातून वा देशातून आले याची त्याने पर्वा केली नाही. ते कोणाकोणापर्यंत पोहोचावे, हा प्रश्न मात्र त्याला पडला नाही. उरलेले अर्धे काम शाळांचे आहे.

त्यासाठी २७ मीटरचे यंत्र लागत नाही. मैदानात एक मीटरची काठी सरळ उभी करावी. विषुवदिनी भर मध्यान्ही तिची सावली जयपुरात सुमारे ५१ सेंटिमीटर, नागपुरात ३९, मुंबईत ३५ आणि पुण्यात ३३ सेंटिमीटर पडेल. या सावलीवरून मुलांना आपल्या गावाचा अक्षांश काढता येतो. एका कुटुंबात संकष्टीचा चंद्रोदय पाहतात, दुसऱ्यात ईदची चंद्रकोर, तिसऱ्यात ईस्टरचा रविवार वसंतातील पौर्णिमेवरून ठरतो. सर्व घरांतील नोंदी एका तक्त्यावर लिहिल्या की चंद्रकलांचा पाठ कोणत्याही एका घराचा राहत नाही. गच्चीवर वाळवण घालणाऱ्या आजीला ऊन कोणत्या महिन्यात कोठवर येते, हे ठाऊक असते. तिचे निरीक्षणही वर्गात आले पाहिजे.

आणखी एका गोष्टीकडे डोळसपणे पाहावे लागेल. प्रयोगाच्या वेळी उपकरण मुलाच्या हाती आणि निरीक्षणवही मुलीच्या हाती, अशी वाटणी कोणी न सांगता होऊन जाते. मुलीचे अक्षर चांगले म्हणून तिने लिहावे, असे आपणही कौतुकाने म्हणून जातो. त्या क्षणी सावली मोजण्याचा अधिकार तिच्या हातून निसटतो. काठी रोवणे, दोरी धरणे, मोजणे आणि चूक काढणे ही कामे प्रत्येकाच्या वाट्याला पाळीपाळीने आली पाहिजेत. मोजणाऱ्याची जात, धर्म वा लिंग पाहून सावली लहानमोठी होत नाही, हे मुलांना व्याख्यानातून नव्हे, स्वतः मोजूनच कळते.

जयपूरच्या त्या कमानीवरून आजही सावली मिनिटाला चार बोटे सरकते आणि सहलीला आलेल्या मुलींची बोटे तिचा वेग मोजतात. आपल्या शाळेतून पुढील साठ वर्षांत जे विद्यार्थी आणि विद्यार्थिनी बाहेर पडतील, त्यांच्यापैकी प्रत्येकाने एकदा तरी आकाशाचे माप स्वतःच्या हाताने घेतलेले असावे, एवढी व्यवस्था आपण निश्चित करू शकतो.