वाळवंटात महाल उभा केला, पण हिशेब चुकला! लास वेगासच्या बग्सी सीगलची गोष्ट

२० जून १९४७ ची रात्र. अमेरिकेतल्या बेव्हरली हिल्स या श्रीमंत वस्तीतल्या एका बंगल्यात एक देखणा माणूस सोफ्यावर बसला होता. खिडकीबाहेरून गोळ्या सुटल्या आणि तो जागीच गेला. वय अवघं ४१. नाव बेंजामिन सीगल, पण जग त्याला बग्सी म्हणूनच ओळखतं. बग्सी म्हणजे डोकं फिरलेला. हे नाव त्याला अजिबात खपायचं नाही, त्यामुळे तोंडावर कुणी घेत नसे.

हातगाडीवाल्यांकडून हप्ता

सीगलचा जन्म २८ फेब्रुवारी १९०६ चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला. आई-वडील युरोपातून पोटासाठी आलेले गरीब ज्यू. पोरगा लहानपणीच वाईट संगतीला लागला. हातगाडीवाल्यांकडून तो एक-एक डॉलर हप्ता घ्यायचा. कुणी दिला नाही तर त्याचा माल पेटवून द्यायचा. याच वयात त्याला मेयर लॅन्स्की भेटला. लॅन्स्की हिशेबात पक्का, तर सीगल मारामारीत पुढे. दोघांनी मिळून टोळी उभी केली.

१९२० साली अमेरिकेत दारूबंदी आली, ती १९३३ पर्यंत टिकली. या काळात चोरट्या दारूवर टोळ्या गब्बर झाल्या. सीगलच्याही हातात बक्कळ पैसा आला. अनेक खुनांत त्याचं नाव घेतलं गेलं, पण खुनाची शिक्षा कधी झाली नाही. पुढे कॅलिफोर्नियात तो हॉलिवूडच्या नटनट्यांत वावरू लागला. १९३९ साली जुना साथीदार हॅरी ग्रीनबर्ग मारला गेला. त्या खटल्यातूनही १९४२ मध्ये तो सुटला.

वेगास तेव्हा लहानसं गाव

नेवाडा राज्यानं १९३१ सालीच जुगार कायदेशीर केला होता. तरी १९४० मध्ये लास वेगासची वस्ती साडेआठ हजारांच्याही आत होती. चहूबाजूला वाळवंट. बिली विल्करसन नावाच्या वृत्तपत्र मालकानं तिथं महामार्गालगत आलिशान हॉटेल आणि कॅसिनो बांधायला काढला. पण तो स्वतःच जुगाराच्या नादी लागलेला. पैसा संपला, काम अडलं. मग सीगल आणि त्याचे साथीदार आत शिरले आणि विल्करसनला बाजूला सारलं.

म्हणजे वेगासमधला जुगार सीगलनं सुरू केला असं जे सांगतात, ते खरं नाही. फ्लेमिंगोची कल्पनाही त्याची नव्हती. पण तो पूर्ण करण्याचं वेड मात्र त्याचंच.

युद्ध नुकतंच संपलेलं, त्यामुळे सिमेंट, लोखंड, लाकूड सगळ्याचीच टंचाई. सीगलला मात्र प्रत्येक गोष्ट उंची हवी. झालेलं काम तोडायचं आणि पुन्हा करायचं. दीड लाख नव्हे, १५ लाख डॉलरच्या आसपासचा अंदाज ६० लाखांवर गेला. हा पैसा त्याचा एकट्याचा नव्हता, टोळीवाल्यांचाही होता. काही रक्कम तो आणि त्याची मैत्रीण व्हर्जिनिया हिल परस्पर लांबवतात, असा संशय त्यांच्यात बळावला.

उद्घाटनच फसलं

२६ डिसेंबर १९४६ ला फ्लेमिंगो सुरू झाला. पण खोल्या तयारच नव्हत्या! हवामान खराब, त्यामुळे बोलावलेले बरेच सिनेतारे आलेच नाहीत. आलेले लोक इथं खेळायचे आणि जिंकलेला पैसा घेऊन झोपायला दुसऱ्या हॉटेलात जायचे. पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात, ते इथं दिसलं. महिनाभरात कॅसिनो बंद करावा लागला.

मार्चमध्ये तो पुन्हा उघडला आणि हळूहळू नफाही दिसू लागला. पण तोवर उशीर झाला होता. जूनमध्ये सीगल मारला गेला, तोही व्हर्जिनिया हिलच्याच भाड्याच्या बंगल्यात. ती तेव्हा परदेशी होती.

खुनाची बातमी पसरते न पसरते, तोच टोळीच्या माणसांनी फ्लेमिंगोचा ताबा घेतला. खेळ चालूच राहिला. गोळ्या कुणी झाडल्या, हे आजवर सिद्ध झालेलं नाही.

त्यानंतर वेगास वाढतच गेलं. सीगलच्या काळातली शेवटची इमारत १९९३ साली पाडली. फ्लेमिंगो मात्र आजही सुरू आहे. जुगाराच्या अड्ड्यावर खेळणारा हरतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. इथं तर अड्डा बांधणाराच सगळं हरून बसला.