काळ्या दाण्याचे कोडे सोडवणारे तुलान

राय या धान्याचा पाव खाऊन युरोपात शतकानुशतके माणसांच्या हातापायांची आग होई, बोटे काळी पडून गळत. रक्तवाहिन्या आकसल्याचा हा परिणाम. संशय कणसातल्या काळ्या, शिंगासारख्या दाण्यांवर होता. पण अनेकांच्या मते तो नुसता बिघडलेला दाणा.

फ्रान्सचे लुई रने तुलान (1815–1885) कायदा शिकले, रमले मात्र वनस्पतींत. धाकटे भाऊ शार्ल डॉक्टर. सूक्ष्मदर्शकाखालचे बारकावे तेच चितारत, आणि काय चितारत!

1853 मध्ये लुईंनी दाखवून दिले, की हा दाणा नव्हेच, बुरशीचा घट्ट गोळा आहे. तो मातीत पडतो, वसंतात त्याला इवल्या बोंडक्या फुटतात, त्यांतले बीजाणू फुलोऱ्यावर बसतात. आधी चिकट गोड स्राव, मग पुन्हा काळा गोळा. वेगवेगळ्या मानलेल्या बुरशी एकच निघाल्या. विषाचा मुक्काम मातीत असतो हे कळल्याने खोल नांगरटीला अर्थ आला.

शार्ल 1884 मध्ये गेले, लुई पुढच्याच वर्षी.

आपल्या बाजरीवरचा अरगट याच कुळातला. पेरणीपूर्वी बियाणे 20 टक्के मिठाच्या पाण्यात ओततात. तरंगणारे हलके गोळे काढून जाळतात, तळाचे बियाणे धुऊन सावलीत वाळवतात.